विरोधातला लेख आधी

विधी ग्रंथालयात ते खिडकीजवळ बसत. ग्वाल्हेरचे मराठी वकील. वकिली सोडली होती, पण कायद्याच्या मासिकांचा नाद सुटला नव्हता. वाचताना चष्म्याची काडी चावत.

अवधपुरीतल्या आमच्या अनधिकृत कॉलनीची चाळीस घरं नियमित होणार की नाही, हे राज्याच्या कायद्यातल्या नव्या दुरुस्तीवर ठरणार होतं. रहिवाशांचा अर्ज मी लिहीत होतो. वकीलकाकांनी मला मासिकातला एक लेख आणि बातमीचं एक कात्रण काढून दिलं. दोन्ही आमच्या विरुद्ध.

“काका, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूचे?”

“तुमच्याच की. आपल्या फायद्याचं तर कोणीही ढूंढून आणतं. खिलाफचं आधी वाचा.”

बागेला जागा न सोडलेल्या कॉलन्या नियमित करू नयेत, असं लेखात होतं. आमच्याकडे बाग होती, पण अर्जात तिचा उल्लेखच नव्हता. मी तो घातला. पुढे घरं नियमित झाली.

आता खिडकीजवळची ती खुर्ची रिकामी असते. मी मोबाइलवरच कायदे शोधतो. माझ्या मनासारखे लेख आधी समोर येतात. वाचून बरं वाटतं, पण भरवसा वाटत नाही.