यंत्र बायकांच्या बाजूला

ओव्हाळबाई गेल्याचे त्यांच्या भाचीने मला फोनवर सांगितले. "काका, आत्या गेल्या," एवढेच ती म्हणाली. मी "बरं" म्हणालो. तिने फोन ठेवला. त्याला आता काही आठवडे झाले. लिहावे की लिहू नये, याचा विचार करण्यात ते गेले.

वाचकांना कमल ओव्हाळ हे नाव माहीत असण्याचे कारण नाही. त्यांना चित्रपट करायचा होता आणि त्यांनी तो केला नाही, कारण त्यांना तो करू दिला गेला नाही. मी त्यांच्याबरोबर एका सरकारी कार्यालयात नोकरीला होतो. आमच्याकडे प्रसिद्धीची एक गाडी होती. तिच्यात सोळा मिलिमीटरचे प्रक्षेपणयंत्र, एक जनित्र, दोन कर्णे आणि घडी करून ठेवलेला पांढरा पडदा असे. मी यंत्रचालक होतो. संकरित ज्वारी, कुटुंबनियोजन, सहकार अशा विषयांवरचे माहितीपट आणि शेवटी लोकांना थोपवून धरण्यासाठी एखादा पौराणिक चित्रपट, असा आमचा कार्यक्रम असे. बहात्तरच्या दुष्काळात ही गाडी घेऊन मी खडी फोडण्याच्या कामांवर फिरलो. दिवसभर दगड फोडलेली माणसे संध्याकाळी पडद्यासमोर बसत. पडद्यासमोर म्हणजे पुरुष. दोन बांबूंना बांधलेला पडदा पातळ असे, चित्र आरपार दिसे. तेव्हा पुरुषांनी यंत्राच्या बाजूला बसायचे आणि बायकांनी पडद्याच्या मागे, ही रीत गावोगाव होती. कोणी ठरवलेली नव्हती, म्हणून ती कोणाला मोडताही येत नव्हती.

तामलवाडीजवळच्या अशाच एका कामावर ओव्हाळबाईंची आई खडी फोडत असे. बाई तेव्हा शाळेत होत्या. माझे यंत्र त्यांनी प्रथम तिथे पाहिले. म्हणजे यंत्राचा उजेड पाहिला, यंत्र पडद्याच्या पलीकडे होते. पुढे त्या पदवीधर झाल्या आणि आमच्याच गाडीवर निवेदनासाठी नेमल्या गेल्या. चित्रपट चालू असताना ध्वनिक्षेपकावरून तो लोकांच्या भाषेत समजावून सांगणे, हे त्यांचे काम. पहिल्याच दौऱ्यात त्या मला म्हणाल्या, "मानेसाहेब, लहानपणी मला वाटायचं, सिनेमातली माणसं समदी डावखुरी असत्यात." पडद्यामागून चित्र उलटे दिसते, उजव्याचे डावे होते. मी हसलो. त्या हसल्या नाहीत. "आईला तर अजून तसंच वाटतंय," एवढे म्हणून त्या कर्ण्याची तार गुंडाळू लागल्या.

राजधानीत आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरणार आहे असे त्यांनी वर्तमानपत्रात वाचले आणि रजा टाकली. स्वतःच्या खर्चाने, येडशीहून अरुंद रुळांच्या लहान गाडीने कुर्डुवाडी आणि तिथून मोठ्या गाडीने त्या एकट्या गेल्या. परतल्यावर त्यांनी मला जे सांगितले ते मी कामाच्या अहवालासारखे ऐकले, कारण त्या तसेच सांगत असत. महोत्सवात आफ्रिकेतल्या काही दिग्दर्शिका आल्या होत्या. त्यांचे चित्रपट भर दुपारी, सर्वांत लहान दालनात लावले होते. कोणी पूर्वी रेडिओवर निवेदिका होती, कोणी दवाखान्यात परिचारिका. उसना कॅमेरा, परदेशातली प्रयोगशाळा आणि तिथेच अडकून पडलेली मूळ प्रत, ही प्रत्येकीची कथा. टाळ्या मिळत होत्या, क्वचित पारितोषिकही मिळत होते. पण त्यांच्या स्वतःच्या देशातली चित्रपटगृहे बाहेरचेच चित्रपट लावत, यांचे लावत नसत.

त्यांच्यापैकी मरियम नावाच्या बाईंचा चित्रपट ओव्हाळबाईंनी दोनदा पाहिला. त्याचे नाव मला कधी नीट उच्चारता आले नाही. गोष्ट साधी होती. पावसाने पाठ फिरवलेले एक गाव. नवरा शहरात कामाला गेलेला. गावच्या विहिरीवर आपल्यालाही पाळी मिळावी, असे त्याच्या बायकोचे म्हणणे. गावातले वडीलधारे झाडाखाली बसून निवाडा करतात आणि ती बाई बोरूच्या काड्यांच्या ताटीआड बसून तो ऐकते, कारण बाईने त्या बैठकीत यायचे नाही. चित्रपट संपल्यावर चर्चा झाली. इतरांनी छायाचित्रणाविषयी विचारले. ओव्हाळबाईंनी विचारले, "यातल्या बायकांनी हा पाहिला का?"

मरियमबाई म्हणाल्या, नाही. चित्रपट चार देश फिरला होता. त्या गावात मात्र पोहोचला नव्हता.

नंतर बाहेर पायऱ्यांवर दोघी बराच वेळ बसल्या. इंग्रजी दोघींचेही उसने. आमच्याकडे बायका पडद्यामागे बसतात, हे ओव्हाळबाईंनी हातवारे करून सांगितले. मरियमबाई आधी मोठ्याने हसल्या, मग त्यांनी ते पुन्हा एकदा सांगायला लावले. महोत्सवानंतर काही चित्रपटांच्या प्रती देशातल्या फिल्म सोसायट्यांकडे फिरणार होत्या. त्यांपैकी माझी प्रत तुझ्या बायकांना दाखव, असे त्या म्हणाल्या. एकच अट घातली. सरळ दाखव.

फिल्म सोसायटीकडून प्रत मिळवायला ओव्हाळबाईंनी किती खेटे घातले, ते मला माहीत आहे. अखेर थोड्या दिवसांसाठी रिळांचे डबे आमच्याकडे आले. ढोकीच्या पलीकडच्या एका गावात सहकारी सोसायटीचा वर्धापनदिन होता आणि कार्यक्रमासाठी गाडी मागवली होती. गावाचे नाव लिहीत नाही. माणसे अजून आहेत. माहितीपट झाल्यावर हा चित्रपट दाखवायचा, असे ठरले.

आम्ही दुपारीच पोहोचलो. ओव्हाळबाई घरोघर गेल्या. आजच्या दिवस बायकांनी पडद्यापुढे बसावे, पुरुषांच्या शेजारी नको, निम्म्या अंगणात वेगळे बसावे, एवढेच त्यांचे म्हणणे. मी ओट्यापाशी उभा होतो. एक सून म्हणाली, "आमचं मामंजी पुढं बसत्यात, त्यांच्या डोळ्यादेखत म्या कशी बसू?" दुसरी म्हणाली, "ताई, माघारनं बी दिसतंय की. आमाला हाय सवय." शेवटी सोसायटीच्या चेअरमनच्या आईपाशी बाई गेल्या. म्हातारी शेंगा फोडत होती. तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "बाई, तू उंद्या गाडीत बसून जाशील. आमाला हितंच नांदायचं हाय."

ओव्हाळबाई येऊन गाडीच्या पायरीवर बसल्या. प्रत दुसऱ्या दिवशी परत पाठवायची होती. त्यांचा चेहरा मी नोकरीत अनेकदा पाहिला, पण तसा पुन्हा पाहिला नाही. बाईंना बौद्ध म्हणून पाणी वरून ओतून देणारी घरे होती आणि त्याच घरांतल्या बायकांसाठी त्या दारोदार फिरत होत्या. त्यांना कोणी अडवले नव्हते. कोणी शिवी दिली नव्हती. सगळे गोडीने नाही म्हणाले होते. भिंत असती तर दिसली असती... इथे नुसता पडदा होता, तोही आमच्याच गाडीतला.

काही वेळाने त्या म्हणाल्या, "मानेसाहेब, बायकांनी जागा सोडायची न्हाय. पुरुषांनी सोडायची न्हाय. यंत्रानं सोडली तर?"

मी विचार केला. यंत्र कोणी चालवावे याचा नियम होता. ते पडद्याच्या कोणत्या बाजूला ठेवावे याचा नव्हता. पण यंत्र बायकांच्या बाजूला नेले तर मला तिथे बसता येणार नव्हते. मी तसे बोललो. त्या म्हणाल्या, "तुमी शिकवा. मी चालवते." फीत कशी ओवायची, तिचा सैल वळसा, म्हणजे लूप, किती ठेवायचा, दिवा कधी लावायचा, हे मी त्यांना उजेड आहे तोवर पुन्हा पुन्हा करायला लावले. त्यांचा हात स्थिर होता.

अंधार पडला. पुरुष नेहमीच्या जागी बसले, बायका नेहमीच्या जागी. मध्ये पडदा. माहितीपट झाले आणि फक्त टेबल, यंत्र आणि ध्वनिक्षेपक पलीकडे गेले. चेअरमन माझ्याकडे आले. "अहो माने, मशीन तिकडं कशापायी नेलं? आमाला काय दिसणार?"

मी म्हणालो, "दिसेल. आजवर बायकांना दिसतच होतं."

ते जाऊन खुर्चीवर बसले. चित्रपट सुरू झाला. त्यातली भाषा कोणालाच कळणारी नव्हती, खाली इंग्रजी अक्षरे होती. गावचे मुख्याध्यापक ती वाचून सांगणार म्हणून पुढे बसले होते. अक्षरे उलटी येऊ लागली तेव्हा त्यांनी मान आधी इकडे, मग तिकडे वाकवली आणि शेवटी चष्मा काढून खिशात ठेवला. पलीकडून ओव्हाळबाईंचा आवाज येत होता, सावकाश, गावच्या बोलीत. पडद्यावरची बाई जेवायला बसली. एक शेतकरी ओरडला, "आयला, ही डाव्या हातानं जेवती की ओ! कसली रीत म्हनायची ही?"

पडद्यापलीकडून एक बाई तितक्याच मोठ्याने म्हणाली, "उजव्याच हातानं जेवती ती! हिकडं येऊन बगा!"

मग पलीकडे जे हसू फुटले ते मी कधी विसरणार नाही. एकीचे संपेना तोवर दुसरीचे सुरू होई. "आन् आमी इतकी वर्सं?" कोणीतरी म्हणाले. "आमाला तर समदं गावच डावखुरं दिसायचं, बया!" पुरुषांच्या बाजूला काही जण हसले, काही हसले नाहीत. मग ताटीआड बसलेली बाई पडद्यावर आली, झाडाखालचा निवाडा सुरू झाला आणि पलीकडचे हसू थांबले. ओव्हाळबाईंनीही निवेदन थांबवले. त्या दृश्यात फार संवाद नव्हतेच. यंत्राचा आवाज तेवढा येत राहिला. शेंगा फोडणाऱ्या त्या म्हातारीचा आवाज मी ओळखला. ती हळू म्हणाली, "हिला बी हितंच नांदायचं हाय."

तक्रार झाली. सरकारी यंत्र अनधिकृत व्यक्तीच्या हाती दिल्याबद्दल मला ताकीद मिळाली. तिचे मला काही वाटले नाही. ओव्हाळबाईंना गाडीवरून काढून आवक-जावक टेबलावर बसवले. त्या खोलीला खिडकी होती, पण ती कपाटामागे होती. निवृत्त होईपर्यंत त्या तिथेच बसल्या. मरियमबाईंना त्यांनी त्या संध्याकाळविषयी कळवले होते. त्यांचे उत्तर आले. माझा चित्रपट अखेर एका गावाने पाहिला, ते माझे नाही एवढेच, असे त्यांनी लिहिले होते. आणि आपल्या देशात बायकांच्या चित्रपटांचा महोत्सव भरवण्याचा विचार आहे, तू तुझा चित्रपट घेऊन ये, असेही.

ओव्हाळबाईंच्या मनात चित्रपट पूर्ण तयार होता. खडी फोडणाऱ्या बायका. त्यांची आई आणि तिच्याबरोबरच्या इतर, ज्यांच्या हातांवर ते दगड अजून दिसत होते. कोणते दृश्य कोणत्यानंतर, हे त्या मला जेवणाच्या सुटीत सांगत. मी ऐकून घेई. त्यांनी कॅमेऱ्यासाठी अर्ज केला, रजेसाठी केला, परदेशी जाण्यासाठी ना-हरकत मागितली. कोणीही नकार दिला नाही. कागद वर जात, शेरा घेऊन खाली येत, पुन्हा वर जात, आणि वर जाणारा प्रत्येक कागद त्यांनाच आपल्या टेबलावर नोंदवावा लागे. महोत्सवाचे दिवस येऊन गेले. त्यांची आई वारली. बरोबरच्या बायकाही एकेक करून गेल्या. दूरच्या त्या देशात मरियमबाईंनाही दुसरा चित्रपट करता आला नाही, असे शेवटच्या पत्रात होते. "तिकडं ती अडकली, हिकडं मी," ओव्हाळबाई एकदा म्हणाल्या. तक्रारीचा सूर नव्हता. नोंद केल्यासारखे म्हणाल्या आणि पुढचा लिफाफा उचलला.

निवृत्तीनंतर त्या तामलवाडीला भावाच्या घरी राहत. माझे जाणे होत नसे. मला प्रवास झेपत नाही, आणि आम्ही दोघेही कारणाशिवाय भेटणारे नव्हतो. आता कारण होते, म्हणून गेल्या आठवड्यात गेलो. त्यांची खोली मी प्रथमच पाहिली. एक खाट, लोखंडी पेटी, पंखा. बाबासाहेबांची तसबीर आणि तिच्याशेजारी हार घातलेला बाईंचा फोटो, दोन्ही दाराशेजारच्या अरुंद भिंतीवर दाटीने लावलेले. समोरची मोठी भिंत रिकामी होती. खिळा नाही, दिनदर्शिका नाही, डाग नाही. चुना इतका स्वच्छ की दुपारी तिच्याकडे पाहताना डोळे बारीक करावे लागले. फोटो तिथे का लावला नाही, असे मी भाचीला विचारले. ती म्हणाली, "आत्या लावू द्यायच्या न्हाईत. दर दिवाळीला त्या भिंतीला दोनदा चुना. सिनेमा झाला की पहिला खेळ हितं करायचा, म्हणायच्या."

त्या भिंतीवर कधी काही पडले नाही.

मी खाटेच्या कडेला, भिंतीकडे पाठ करून टेकणार, तोच ती मुलगी पुढे आली. तिने खुर्ची उचलली आणि भिंतीकडे तोंड करून ठेवली. "काका, तिकडं नगा, असं हिकडं बसा. आत्या कुणालाबी हितंच बसवायच्या. बाया आल्या की सगळ्यांच्या पुढं."

मी बसलो. ती माझ्या पुढे, जमिनीवर बसली.