डेव्हन ॲव्हेन्यूवरची विनाशिका

शनिवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी नीलांबरी खडपे शिवणयंत्रासमोर बसल्या होत्या, पण यंत्र बंद होतं. टेबलावर ब्लाउजच्या जागी अडीच फूट लांबीची एक युद्धनौका आडवी पडली होती आणि टाके उसवायच्या टोकदार हत्याराने नीलांबरी तिच्या बाजूचं आवरण सोलत होत्या. आवरण म्हणजे बाल्साच्या हलक्या लाकडाची पोस्टकार्डासारखी पातळ पट्टी आणि तिच्यावर चिकटवलेलं रेशमी कापड. ते निघता निघत नव्हतं, कारण त्यांनीच ते चिकटवलं होतं.

शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर नैनाबेनचं साड्यांचं दुकान आहे. त्याच्या मागच्या खोलीत नीलांबरी एकोणीस वर्षं ब्लाउज शिवतात, फॉल लावतात, भारतातून शिवून आलेले आणि इथे येईपर्यंत घट्ट झालेले ब्लाउज सैल करून देतात. वय अठ्ठावन्न. माहेर रत्नागिरीजवळचं. डोळ्यांना चष्मा, गळ्यात टेप, आणि मागच्या खोलीतल्या फळीवर, अस्तराच्या ताग्यांशेजारी, ही बोट.

बोट त्यांच्या आयुष्यात आली ती झेंड्यांमुळे. चार वर्षांपूर्वी डेल नावाचा एक निवृत्त यंत्रकारागीर दुकानात आला आणि करंगळीएवढ्या लांबीचे नौदलाचे झेंडे शिवून मिळतील का, असं विचारू लागला. कशासाठी, हे नीलांबरींनी खोदून विचारलं. डेल आणि त्याच्या क्लबातली माणसं जुन्या युद्धनौकांच्या प्रतिकृती करतात, रेडिओवर चालवतात आणि तळ्यात एकमेकींवर सोडतात. तोफांमधून गॅसच्या दाबाने पोलादी छर्रे सुटतात, बाल्साला भोकं पडतात आणि बोटी खरोखर बुडतात. मग कोणीतरी छातीपर्यंतची रबरी विजार घालून पाण्यात उतरतं, बोट वर काढतं, तिला ठिगळं लावतं, आणि पुन्हा लढाई. नियम एक: खरी बोट दुसऱ्या महायुद्धापर्यंतची हवी.

नीलांबरींनी विचारलं होतं, “राणा आहे का तुमच्याकडे?”

डेलने असं नाव ऐकलं नव्हतं. घरी जाऊन त्याने शोधलं आणि दुसऱ्या दिवशी परत आला. राणा म्हणजे ब्रिटिशांची ‘रेडर’. आर वर्गाच्या आठ विनाशिका, म्हणजे लहान, वेगवान युद्धनौका, होत्या, सगळ्या युद्ध सुरू असताना बांधलेल्या. मालवाहू जहाजांच्या काफिल्यांना सोबत करणं, पाणबुड्या हुडकणं, मोठ्या जहाजांभोवती कडं धरणं, हे त्यांचं काम. चव्वेचाळीस साली त्यातल्या बऱ्याच हिंदी महासागरात होत्या. त्यांच्यातल्या ‘रिलेंटलेस’ने तिथे जर्मन पाणबुड्यांना तेल पुरवणारं एक जहाज गाठून संपवलं. युद्ध संपलं तेव्हा आठच्या आठ तरंगत होत्या. पुढे एकोणपन्नास साली त्यातल्या तीन भारताने घेतल्या आणि त्यांची नावं राजपूत, रणजित आणि राणा अशी झाली.

नीलांबरींचे वडील विश्राम सुर्वे हे राणावर बॉयलरपाशी होते. सुट्टीत घरी आले की बोटीबद्दल फार बोलायचे नाहीत. एक गोष्ट मात्र दरवेळी सांगायचे. आधीच्या इंग्रजी विनाशिकांमध्ये अधिकाऱ्यांच्या खोल्या अगदी मागच्या टोकाला असत. वादळात त्यांना उघड्या डेकवरून पुढे यावं लागे आणि लाटा साहेब-नोकर बघत नसत. आर वर्गात त्या खोल्या बोटीच्या मध्यावर आणल्या. “साहेब मध्यावर आले,” वडील म्हणत, “आम्ही होतो तिथंच राहिलो.” आणि हसत.

तर नीलांबरींनी ती बोट बांधली. डेलने सांगाडा कापून दिला, मोटर बसवायला शिकवलं, बाकी सगळं त्यांनी केलं. क्लबात कोणाकडेही विनाशिका नव्हती. लहान बोटीला तोफ एकच मिळते, पोटात पंपाला जेमतेम जागा, आणि पाच-सहा भोकं पडली की खेळ आटोपतो. लोक मोठ्या बोटी आणतात. नीलांबरींना पहिल्या वर्षी तळ्याकाठी कोणीतरी म्हणालं, की बाथटबमधलं खेळणं घरीच ठेवायला हवं होतं. क्लबातल्या बोटींचे झेंडे त्याच शिवतात. त्याच्या बोटीचा झेंडा मात्र त्या वर्षी त्याला स्वतः शिवावा लागला.

या वर्षी प्रश्न वेगळा होता. क्लबाने ठराव केला होता, की ज्या प्रकारची एकही बोट वार्षिक मेळाव्याच्या दोन्ही दिवशी पाण्यात उतरणार नाही, तो प्रकार पुढच्या वर्षापासून नियमांतून काढायचा. बुडालेल्या छोट्या बोटी शोधण्यात वेळ जातो, हे कारण. विनाशिका एकच होती. ती शनिवारी आणि रविवारी उतरली नाही, तर विनाशिका हा प्रकारच जाणार होता.

आणि शुक्रवारी संध्याकाळी, तपासणीत, ती नापास झाली.

तपासणी सोपी असते. बोटीच्या बाजूवर एक नळी उभी धरतात आणि तिच्यातून ठरावीक वजनाचा पोलादी दांडा सोडतात. दांड्याने लाकूड फुटलं पाहिजे. नाही फुटलं तर बोटीने चोरून चिलखत घातलंय असं धरतात. डेलने दांडा सोडला. तो टण्णकन उडाला. दुसऱ्या जागी सोडला, तिथेही उडाला. आजूबाजूचे लोक गंमत बघायला जमले होते; आता ते संशयाने बघायला लागले.

नीलांबरींनी चोरी केली नव्हती. त्यांनी शिवणकाम केलं होतं. ब्लाउज शिवताना आत जादा कापड सोडायचं, पुढे बाई अंगाने भरली तर उसवून सैल करता यावं म्हणून, हे हाताला इतकं बसलेलं होतं की भोकावर ठिगळ लावतानाही त्या चहूबाजूंनी दोन-दोन बोटं रेशीम सोडत. नियम होता करंगळीच्या नखाएवढ्याचा. तीन वर्षांच्या लढायांची ठिगळं एकमेकांवर चढत गेली आणि बाल्साची बोट चामड्यासारखी झाली.

डेलने आवाज न चढवता सांगितलं, की शनिवारी सकाळी दहापर्यंत पुन्हा तपासणी करता येईल. मग त्याने आपली जादा क्रूझर, म्हणजे विनाशिकेच्या वरच्या वर्गातली बोट, देऊ केली. तयार आहे, मोठी आहे, सहज टिकेल. त्याने ते मनापासून म्हटलं होतं, म्हणून नकार देणं जास्त अवघड होतं.

“तुझी क्रूझर टिकेल,” नीलांबरी म्हणाल्या. “विनाशिका कशी टिकणार?”

परतीच्या वाटेवर गाडी त्यांची मुलगी इला चालवत होती. इला सव्वीस वर्षांची, रुग्णवाहिकेवर पॅरामेडिक. शनिवारच्या लढाईत, काफिल्याच्या फेरीत, मालवाहू बोट चालवायला कोणी मिळत नव्हतं, म्हणून तिने सुट्टी घेतली होती. ती म्हणाली, “आई, डेल इज नॉट राँग. क्रूझर घे ना यार. फन करायला येतो ना आपण?”

“तू येतेस फन करायला. मी लढायला येते.”

सकाळी सहाला हेअर ड्रायर घेऊन इला दुकानाच्या मागच्या दाराशी हजर होती.

साडेआठपर्यंत दोन्ही बाजू सोलून झाल्या. नवीन बाल्साच्या पट्ट्या नीलांबरींनी ब्लाउजच्या पाठीसारख्या एका कापात कापल्या, सांगाड्याला चिकटवल्या, वरून रेशमाचा एकच थर दिला. इला ड्रायर फिरवत होती. कडेला रेशीम जरा जास्त आलं तेव्हा नीलांबरींची कात्री थबकली. मग त्यांनी कडेलगत कापून टाकलं. तेवढ्यात नैनाबेन आल्या, बोटीकडे बघितलं आणि पटेलांच्या लग्नाचे ब्लाउज सोमवारी द्यायचेत याची आठवण केली. नीलांबरी म्हणाल्या, की ते गुरुवारीच झालेत, हँगरवर आहेत. नैनाबेन बघून आल्या आणि चहा ठेवायला गेल्या.

दहाला पाच मिनिटं असताना बोट तळ्याकाठच्या टेबलावर होती. मागच्या बाजूला नियमाप्रमाणे युद्धातलं नाव, ‘रेडर’, लिहिलेलं, वर नियमाप्रमाणे ब्रिटिश नौदलाचा झेंडा. हाक मारताना नीलांबरी तिला राणाच म्हणतात; त्याबद्दल नियमांत काही नाही. डेलने नळी धरली, दांडा सोडला. लाकूड फुटलं, दांडा आत गेला. डेलने मान हलवली. नीलांबरींनी ते भोक लगेच बुजवलं. ठिगळ नखाएवढंच.

अकराला काफिला सुटला. इलाची मालवाहू बोट समोरच्या काठाला टेकून अलीकडच्या धक्क्याला परत यायची होती. तिला तोफ नसते आणि वेग बदकाचा असतो. सोबतीला राणा. समोरून डेलची जर्मन युद्धनौका, राणापेक्षा दुप्पट लांब, तोफांचे दोन बुरूज भरलेले. काठावर सगळ्यांनी सुरक्षा-चष्मे लावले.

जाताना डेलने एकदाच जवळ यायचा प्रयत्न केला. विनाशिकेला नियमाने सगळ्यांत जास्त वेग मिळतो. नीलांबरी त्याच्या नाकासमोरून आडव्या गेल्या, मागची एकुलती तोफ झाडली आणि त्याला वळायला लावलं. काठावर कोणीतरी शीळ घातली. परत येताना मात्र डेल घाईत नव्हता. तो मालवाहू बोटीच्या वाटेवर जाऊन उभा राहिला.

“आई, मी स्लो आहे,” इला म्हणाली. “तो मला मारणार.”

“तू सरळ जा. वळू नकोस.”

नीलांबरींनी राणा त्या दोन्ही बोटींच्या मधे नेली आणि वेग कमी केला. वेगाने गेली असती तर वाचली असती, पण मागे फट राहिली असती. त्या मालवाहू बोटीच्या चालीने, तिच्या बाजूला लागून, चालत राहिल्या. डेलने आपल्या बोटीची बाजू राणाकडे वळवली आणि तोफा झाडायला सुरुवात केली. नव्या कोऱ्या बाल्सामधून छर्रे कागदातून जावेत तसे गेले. पोटातलं पाणी उपसणाऱ्या पंपाची धार डेकवरून उडायला लागली, मग जाड झाली, मग तिरपी. इलाची बोट धक्क्यापासून हातभर लांब होती तेव्हा राणाचा मागचा भाग पाण्याखाली गेला. झेंडा सगळ्यात शेवटी गेला. मालवाहू बोट धक्क्याला टेकली. तिच्यावर एक ओरखडा नव्हता.

क्लबाच्या हिशोबात काफिला पोचला आणि एक विनाशिका बुडाली. डेल स्वतः रबरी विजार घालून पाण्यात उतरला आणि बोट चिखलातून काढून नीलांबरींच्या हातात दिली. तिच्यातून पाणी गळत होतं.

“उद्यासाठी क्रूझर अजून गाडीत आहे,” तो म्हणाला.

“खऱ्या आठ होत्या, युद्धात एकही बुडाली नाही,” नीलांबरी म्हणाल्या. “ही बुडाली. ती माझी आहे, तेव्हा उद्या हीच येईल.”

डेलला हसू आलं. बाथटबवाला गृहस्थ शेजारी उभा होता. आपल्या बोटीचा झेंडा फारच वाकडा झालाय, असं तो कोणाला उद्देशून न बोलता बोलला. नीलांबरींनी पर्समधून टेप काढून त्याच्या झेंड्याचं माप घेतलं, मोटर सुकत ठेवली आणि दुपारभर सहलीच्या बाकावर बसून ठिगळं कापली. इला चिकटवत होती. एका ठिगळाला तिने चहूबाजूंनी सढळ हाताने रेशीम सोडलं. नीलांबरींनी ते उचललं, कापलं आणि परत दिलं.

चार वाजता डेलने नळी धरली. दांडा आरपार गेला. त्याने फळ्यावर रविवारच्या पहिल्या फेरीत नाव लिहिलं: रेडर, विनाशिका, खडपे.

पहिली फेरी सकाळी साडेआठला आहे. नैनाबेनचं दुकान रविवारी अकराला उघडतं; तोवर लढून, बुडून शिवणयंत्रापाशी पोचता येईल.