विहिरींचं कार्ड

आमचे पप्पा पाथर्डीकडच्या शाळांत मास्तर होते. दर सुट्टीत गावोगाव पायी हिंडून, कोणत्या माळावर किती हातांवर पाणी लागतं ते त्यांनी टिपलं आणि पदरमोड करून विहिरींवर पुस्तक काढलं. मी तेव्हा नगरच्या एका ग्रंथालयात पुस्तकांची विषयवार कार्डं लिहायला होते. प्रत आमच्याकडे आली तेव्हा मला कोण आनंद झाला!

ग्रंथपाल साहेबांनी लेखकाचं नाव वाचलं. पप्पांचं नाव बायबलातलं. पान न उलटता साहेब म्हणाले, "ख्रिस्ती धर्म."

"साहेब, विहिरींवर आहे हो."

"नाव वाचलं की विषय कळतो. सांगितलं तेवढं लिहा."

नोकरी नवी होती. मी मुकाट्याने लिहिलं, माझ्याच अक्षरात. त्याची चीड अजून जात नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. पप्पांनी अंथरूण धरलं, म्हणून मी रजेवर होते. परतले तर शिपाई म्हणाला, "बाई, पाथर्डीचं एक मानूस आल्तं. विहीर कुठं खनावी त्याचं पुस्तक मागत हुतं. सायबांनी शेती-पान्याची कार्डं बघितली, म्हनले न्हाई. गेलं बिचारं तसंच."

मी घरी सांगितलं. पप्पांनी एवढंच विचारलं, "पुस्तक तिथंच होतं ना गं?" त्यानंतर ते महिनाभर जगले.

मी डूख धरला. साहेबांचा प्रेमकवितांचा संग्रह निघाला. त्यांचं आडनाव पिढीजात भिक्षुकीचं. मी झोकात कार्ड लिहिलं आणि पौरोहित्याच्या खणात नेऊन ठेवलं. पुढे पुण्याहून पाहुणे आले. साहेब ऐटीत म्हणाले, "आमचंही एक आहे, बघा." त्यांनी कवितेचा खण दोनदा चाळला. मग सगळ्यांदेखत मी ते कार्ड काढून त्यांच्या हातात दिलं.

"पौरोहित्य? अहो, पुस्तक उघडून तरी बघायचं!"

"आडनाव वाचलं, साहेब. विषय कळला."

पाहुण्यांना हसू आवरेना. साहेबांचा चेहरा मी पोटभर पाहून घेतला. दुसऱ्या दिवशी दोन्ही कार्डं आपापल्या खणात गेली, पण माझं समाधान झालं नाही. चर्चमध्ये प्रभूच्या प्रार्थनेत आपल्या अपराध्यांना क्षमा केल्याची ओळ येते, तिथे मी आजही तोंड मिटून घेते.