ताबा, भेट आणि मुलं

लग्नामुंजीत कुणीतरी मला कोपऱ्यात गाठून विचारतंच, "तुमच्याकडे काय एकेक केसेस आल्या असतील नाही?" आल्या. नावं सांगत नाही, पण किस्से साठतात. माळ्यावरच्या रिकाम्या डब्यांसारखे ते टाकवतही नाहीत.

घटस्फोटाच्या कोर्टात मी समुपदेशक होते. नवरा-बायकोचं भांडण वकील बघायचे आणि मुलांचं काय ते जज्जसाहेब मला बघायला सांगायचे. मुलाशी बोलायचं, घर बघून यायचं, शनिवारी खेळण्यांच्या खोलीत वेगळ्या राहणाऱ्या आईची किंवा बापाची भेट घडवायची. मात्र "तुला आई हवी की बाबा?" हा प्रश्न मी कधीच विचारायची नाही. माझ्याआधी तो सगळ्या नातेवाइकांनी विचारून झालेला असायचा आणि मूल त्यानेच अर्धं झालेलं असायचं.

*

शनिवार पेठेतला एक सात वर्षांचा मुलगा. खुर्चीत नीट बसायच्या आतच सुरू झाला, "मी माझ्या मर्जीने सांगतो आहे की मला बाबांना भेटायचं नाही. माझ्यावर कुणाचाही दबाव नाही."

मी म्हटलं, छान. दबाव म्हणजे काय रे?

त्याने जरा विचार केला. "थांबा हं, आजीला विचारून येतो."

आजी दाराबाहेरच उभ्या होत्या. आत डोकावून मला म्हणाल्या, "आपण असले प्रश्न विचारणार, हे आधी कळवायला हवं होतं."

*

खडकीच्या क्वार्टर्समध्ये एका बापाचं घर बघायला गेले. मुलीने सुट्टीत आपल्याकडे राहावं म्हणून त्याने अर्ज केला होता. घर चकाचक. खिडकीशी अभ्यासाचं टेबल, त्यावर दिवा, पृथ्वीचा गोल. मुलगीही त्या दिवशी तिथेच होती. मी टेबलाचं कौतुक केलं.

"ते शेजारच्या काकांचं आहे," मुलगी म्हणाली. "तुम्ही गेलात की परत द्यायचंय."

बाप कानापर्यंत लाल झाला. पण पोरगी त्याच्या मांडीला टेकून हे सांगत होती, ते मला टेबलापेक्षा महत्त्वाचं वाटलं. मी सुट्टीची शिफारस केली. रिपोर्टात आणखी एक ओळ घातली, "वडिलांचे शेजाऱ्यांशी संबंध उत्तम आहेत."

*

मग हिंजवडीची आयटीतली मंडळी यायला लागली. एक जोडपं तर एकाच कंपनीतलं. भांडण नाही, आरडाओरडा नाही. लॅपटॉप उघडून मुलाच्या आठवड्याचा तक्ताच दाखवला. आईचे वार गुलाबी, बाबांचे निळे, क्लासेस पिवळे. मी इतका नीटनेटका घटस्फोट आधी पाहिला नव्हता.

मुलगा बराच वेळ स्क्रीनकडे बघत होता. शेवटी त्याने विचारलं, "यात कुणाचाच नाही असा एखादा वार आहे का? मला मित्राकडे जायचंय."

"एक वार बफर ठेवायला हवा होता," बाबा म्हणाले. आईने मान डोलावली. तक्त्याबाहेर त्या दोघांचं एकमत झालेलं मी तेवढंच पाहिलं.

*

एक बाप ऑनसाइट गेलेला, अमेरिकेत. त्याची भेट कॉम्प्युटरवर. पहिल्या शनिवारी चेहरा दिसला, पण आवाज येईना. शिपाईमामा खाली वाकून वायरी हलवायला लागले.

चार वर्षांची लेक म्हणाली, "मामा, वायर नीट आहे. बाबा रडतोय."

मग मलाही ती वायर एकदा बघून घ्यावीशी वाटली.

*

आणि हे एक. शहराच्या हद्दीत आलेल्या एका गावातलं कुटुंब. शेतावर फ्लॅटची स्कीम उभी राहिली, पण राहतं घर जुनंच, संडास अंगणाच्या पार टोकाला. आई येरवड्याला माहेरी निघून गेलेली. मुलं दोन, दहा वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा, तोवर दोघं बापाकडच्या आजोबांच्याच घरी. वकिलांनी तडजोड काढली होती: मुलगा बापाकडे राहील, मुलगी आईकडे जाईल. आईबाप दोघंही थकलेले, त्यामुळे दोघंही तयार.

मला ती वाटणी अजिबात पटली नव्हती. सह्यांआधी मुलांना एकदा सगळ्यांसमोर बसवते, एवढंच मी मागून घेतलं.

"वाद मिटलाय की आता, मॅडम," आजोबा म्हणाले. "नातू आमचा हाय. पोरगी आईसंगं जाईल."

मुलगी रडली नाही. बापासमोर उभी राहून ड्यूटी सोपवल्यासारखं सांगायला लागली, "पप्पा, ह्याला रातचं शूला मीच उठवून नेते. आता तुमी न्यायचं. हात धरून न्यायचं. इसरायचं नाय."

बापाने मान हलवली.

धाकटा जमिनीवर गाडी फिरवत होता. वर न बघताच म्हणाला, "मला नसतीच लागत."

"मंग उठतो कशापायी?" आजोबांनी विचारलं.

"ताईला लागती. तिला अंधारात एकटीला भ्या वाटतं."

सहीसाठी वकिलाने पेनाचं टोपण काढून ठेवलं होतं. आजोबांनी हात पुढे केला आणि ते परत लावलं.