कडेचा पाचोळा

आम्ही जिंकलो आणि सगळे घरी गेले.

कोलकात्यात, बेहालातल्या आमच्या वॉर्डात, जुन्या सरकारी क्वार्टर्सच्या मागे, महापालिकेचं एक छोटं वन आहे. एका टोकाला उभं राहून हाक मारली तर दुसऱ्या टोकाला ऐकू जाते, एवढंच. महोगनी, शिरीष, दोन जुने कदंब, एक डबकं, आणि भिंतीपलीकडून फेकलेला कचरा. तिथे पार्किंग करायचं ठरलं, तेव्हा आम्ही चाळीसेक जण रस्त्यावर उतरलो. पत्रकं मी लिहिली. ती मला चांगली जमतात, उगाच लाजत नाही. वाक्य छोटं ठेवायचं, त्यात एक दोषी दाखवायचा आणि शेवटी एक मागणी करायची. बंगाली दुसरं कुणीतरी तपासून द्यायचं. पार्किंग रद्द झालं. मिठाई वाटली, फोटो निघाले. माइकवरून कुणीतरी सांगितलं की आता दर रविवारी सकाळी सहाला आपण सगळे येऊन हे वन सांभाळू, आणि सगळ्यात जोरात टाळ्या याच वाक्याला पडल्या.

पहिल्या रविवारी नऊ जण होते. पुढच्या रविवारी पाच. दुर्गापूजा आली, मग प्रत्येकाला काही ना काही निघालं. थंडी पडेपर्यंत मी एकटी उरले होते. ज्यांनी माझ्या शेजारी उभं राहून घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या, ते आता सकाळी फोन उचलत नव्हते. एकाने प्रामाणिकपणे सांगितलं, की भांडायचं असेल तेव्हा बोलाव, कचरा उचलायला नको. मला अजून राग येतो. पण निदान तो खरं बोलला.

मीही इथे एकटीच होते. बाबा बँकेत; त्यांची बदली नागपूरला झाली आणि आईबाबा गेले. मी नोकरीच्या नावाखाली मागे राहिले, भाड्याच्या एका खोलीत. मराठी फक्त फोनवर. आई दर रविवारी विचारायची, तिथे कुणासाठी थांबली आहेस. मी झाडांसाठी म्हणायचे. त्यावर ती जेवलीस का विचारून फोन ठेवायची, आणि ते मला पुढचे दोन दिवस पुरायचं.

त्या हिवाळ्यात वनात माझ्याशिवाय फक्त एक बाई यायची. साठीच्या आसपासची, मागच्या वस्तीत राहणारी. हातात बांबूच्या काड्यांचा झाडू, खांद्यावर दोन पोती. गळलेला पाचोळा गोळा करून चुलीसाठी न्यायची. मी तिला मासी म्हणायचे, इथे मावशीला म्हणतात तसं. ती मला दिदीमणी म्हणायची, म्हणजे मास्तरीणबाई, आणि म्हणताना थोडी हसायची. माझं बंगाली सभेतलं आहे, असं तिचं म्हणणं. मी पाणी मागितलं तरी तिला वाटायचं, आता मागण्यांची यादी येणार.

मी लावलेली एकोणीस रोपं होती. तामण, अर्जुन, करंज. डबक्यातून बादलीने पाणी काढायचं आणि एकेकाला घालत फिरायचं. त्यात बकऱ्या शिरायच्या, तेव्हा मासी लांबूनच असं काही ओरडायची की बकरीच काय, मीही जागच्या जागी थांबायचे. काम संपलं की आम्ही कदंबाखाली बसायचो. तिच्याकडे मुरमुरे असायचे, माझ्याकडे थर्मासमधला चहा. फार बोलायचो नाही. आठवड्यात कुणाबरोबर बसून खाल्लेलं माझं तेवढंच खाणं.

मग मी वाचायला लागले. पाचोळा म्हणजे जमिनीचं अन्न. तो उचलला की माती मरते, किडे जातात, किड्यांमागे पक्षी जातात. खरंच आहे ते, आजही माझं तेच म्हणणं आहे. पण मला एखादी खरी गोष्ट कळली की लगेच मी पत्रक लिहिते. तेही लिहिलं, सगळ्या ग्रुपांवर पाठवलं, आणि फाटकाशी एक बोर्ड लावला. बंगाली, हिंदी, इंग्रजी. ‘पालापाचोळा या वनाचा आहे. तो नेणं ही चोरी आहे.’

रविवारी परत जाताना मासी फाटकाशी थांबली. तिला वाचता येत नाही, हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं.

“काय लिहिलंय गं, दिदीमणी?”

मी वाचून दाखवलं. पहिलं वाक्य आणि दुसरंही.

तिने झाडू फाटकाला टेकवला. मग म्हणाली, “मी मधलं नेत नाही. कडेचं नेते.”

मी तिला समजावलं की नियम सगळ्यांना सारखा असतो, आज कडेचं नेलं तर उद्या दुसरा मधलं नेईल. माझ्या आवाजात सभा आली होती, ते मला ऐकू येत होतं. तिने वाद घातला नाही. एक पोतं आधीच भरलं होतं, ते तिने वाटेवर उलटं केलं, झटकलं, घडी करून काखेत मारलं आणि गेली. पुढच्या रविवारी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

खरं सांगते, पहिले दोन आठवडे मला बरं वाटलं. पत्रकाचा परिणाम झाला, असं. मग चहा उरायला लागला. बकऱ्यांच्या मागे मी धावायचे, त्या मला घाबरत नसत.

फाल्गुन-चैत्रात महोगनी एकदम मोकळी होते. भिंतीलगत आणि वाटेवर घोट्याच्या वर पाचोळा साचला. मी त्याचे फोटो काढून खाली लिहिलं, जंगल परत येतंय. एका दुपारी, मी कामावर असताना, भिंतीपलीकडे कुणीतरी कचरा पेटवला. ठिणगी अलीकडे आली आणि आग भिंतीच्या कडेने धावली, वाटेने आत शिरली. मी पोहोचले तेव्हा बंब येऊन गेला होता. मोठी झाडं बुंध्याला काळी पडून उभी होती. एकोणीसपैकी दोन रोपं वाचली, तीही डबक्याशी होती म्हणून.

क्वार्टर्सचा दरवान बादली घेऊन धावणाऱ्यांत होता. त्याने मला पाहिलं आणि म्हणाला की भिंतीपलीकडे कचरा दर वर्षी पेटतो, ठिणग्या दर वर्षी येतात. पण म्हातारी भिंतीकडची पट्टी झाडून ठेवायची, त्यामुळे जागच्या जागी विझायच्या. यंदा ती दिसली नाही, आजारी आहे का?

मी त्याला कारण सांगितलं नाही.

वस्तीत गेले तर कळलं की मासी हुगळीकाठच्या बजबज गावाला लेकीकडे राहायला गेली. पुढच्या रविवारी बजबज लोकल पकडली. आपण काय बोलायचं, हे गाडीत पाठ करत होते, आणि तेही पत्रकासारखंच होत होतं. ज्यूट मिलच्या मागच्या गल्लीत लेकीचं घर सापडलं. मासी दारात लसूण सोलत बसली होती. मला बघून तिला आश्चर्य वाटल्याचं दिसलं नाही. आत गॅसची शेगडी होती, हे मला बसल्या बसल्या दिसलं, आणि ती परत येणार नाही हेही तेव्हाच कळलं.

मी आग लागल्याचं सांगितलं. किती रोपं राहिली, तिने विचारलं. दोन, म्हटलं. ती म्हणाली की डबक्याजवळची असणार. मग मी माफी मागितली, पाठ केलेलं काही न आठवता.

तिने हातातली पाकळी सोलून संपवली. “बोर्डाचं सोड,” ती म्हणाली. “मला वाटलं होतं, वाचून दाखवताना तरी तो शब्द गाळशील.”

मी तिच्यापुढची लसणाची सालं गोळा करायला लागले. 

निघताना मी विचारलं, तुम्ही किती झाडायच्या, कुठून कुठपर्यंत. तिला हसू आलं. भिंतीपासून चार हात, वाटेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन हात. वारा पाठीवर घ्यायचा, नाहीतर सगळं तोंडावर येतं. मधल्याला हात लावायचा नाही, तिथे घोरपड झोपते. झाडू वस्तीतल्या घरीच राहिलाय, शेजारणीकडून घे, म्हणाली. मी घेतला.

परत आल्यावर सगळ्यात आधी बोर्ड काढला.

यंदाच्या हिवाळ्यापासून मी झाडते. चार हात, दोन-दोन हात. कडेचं पोत्यात भरायचं आणि मधे नेऊन ओतायचं, म्हणजे मातीचंही राहतं. एका रविवारात एक बाजूच होते. ती दोन्ही करायची, वर पोती डोक्यावर घेऊन घरी जायची. नवीन रोपं बारा आहेत. त्यांना काही म्हणजे काही होऊ द्यायचं नाही, एवढंच मी ठरवलंय.

गेल्या आठवड्यात एक गृहस्थ फिरायला आले होते. स्वच्छ पांढरे बूट, हातात फोन. मी पोतं भरत होते, केसांना फडकं बांधलं होतं. ते थांबले आणि आधी हिंदीत, मग बंगालीत म्हणाले की हे न्यायला बंदी आहे, कळत नाही का तुला? मी म्हटलं, नेत नाही. त्यांचा विश्वास बसला नाही. त्यांनी फोनवर काहीतरी शोधलं आणि मला मोठ्याने वाचून दाखवायला लागले. माझंच पत्रक होतं, सुरुवातीला बोर्डावरचीच दोन वाक्यं. पहिलं वाक्य वाचलं. मी झाडू धरून दुसऱ्याची वाट पाहिली.

त्यांनी शब्द गाळला नाही.

मी लिहिलंय ते, हे सांगता आलं असतं. सांगितलं नाही. “मी मधलं नेत नाही,” मी म्हणाले, “कडेचं नेते.” आणि मग, सवय जात नाही म्हणून, हेही म्हटलं की इतकी काळजी आहे तर रविवारी सहाला या, दुसरी बाजू झाडायची राहते.

बघतो, असं म्हणून ते गेले. काल रविवार होता. मी दुसरा झाडू आणला होता आणि चहाही जास्तीचा. आठपर्यंत वाट पाहिली, मग वारा पाठीवर घेतला आणि भिंतीकडून सुरुवात केली.