बिनमाशांची काचपेटी

मालवणात माशाशिवाय मत्स्यालय बाळगणारा माणूस आजवर एकच झाला, आणि ते माझे घरमालक, काका. ती काचेची पेटी त्यांच्या माजघरात एकोणीसशे चौऱ्याऐंशीच्या दिवाळीनंतर आली. तिच्यात शेवटपर्यंत एकही मासा सोडला गेला नाही. दारावर मासे घेऊन येणाऱ्या बाईने पहिल्याच दिवशी टोपली खाली ठेवली, वाकून पेटीचा तळ पाहिला आणि विचारले, "ह्यात मासो खंय आसा?" नाही, असे काकांनी सांगितले. "मगे पाणी कित्याक?" असे म्हणून ती पुढच्या दाराला गेली. पाणी कशाला हे काकांनी नंतर भेटेल त्याला समजावले. गावाचे समाधान झाल्याचे ऐकिवात नाही.

मी तेव्हा एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो आणि त्यांच्या पडवीलगतच्या खोलीत भाड्याने राहत होतो. काका बंदर खात्यातून निवृत्त झालेले कारकून. काकींचे माहेर आंबोली. त्या पावसाळ्यात काकी विहिरीच्या पायरीवर घसरल्या आणि खुब्याचे हाड मोडले. हाड जुळले, डॉक्टरांनी आता चाला म्हणून सांगितले, पण काकी पाय जमिनीला टेकवायला तयार नव्हत्या. पुन्हा पडेन, एवढेच म्हणत. काकांनी काठी आणली, ती कोपऱ्यात उभी राहिली. चालला नाहीत तर कायमच्या अंथरुणाला खिळाल, असे डॉक्टर दोनदा बजावून गेले. एका संध्याकाळी काकी भिंतीकडे पाहत म्हणाल्या, "माका आता आंबोली खंय दिसतली." पुढच्या आठवड्यात काका एस.टी.ने आंबोलीला गेले आणि मेव्हण्यांच्या घरामागच्या ओढ्यातली पाणझाडे मुळांसकट ओल्या गोणपाटात बांधून घेऊन आले. पेटी समोरच्या भिंतीला, पलंगावरून दिसेल अशी लावली.

झाडे पंधरवड्यात पिवळी पडली. बोटीवर नोकरीला असलेल्या पुतण्याकडून आलेले एक परदेशी मासिक काकांनी शब्दकोश घेऊन वाचले आणि निदान केले: घाटातला ओढा दगडांवर आपटत येतो, त्याच्या गार पाण्यात झाडांना लागणारा कर्बवायू आयता मिळतो, मालवणच्या कोमट, स्थिर पाण्यात झाडे उपाशी मरतात. तेव्हा वायू आपण पाजायचा. पाजण्याच्या पद्धती तीन, आणि प्रत्येकीचा खर्च काका माशांत मोजत, कारण त्याशिवाय खर्च कोणाला कळत नाही असे त्यांचे मत होते. पहिली पद्धत सोड्याची. सोडावाला सकाळ-संध्याकाळ गोळीसोड्याची एकेक बाटली घरी देऊन जाई, ती पेटीत ओतायची. सुरुवातीला खर्च नाही, पण महिन्याला एक मोठी सुरमई जाते. "म्हणजे माझी सुरमय ही झाडां खातत," काकी पलंगावरून म्हणाल्या. रोज दोन बाटल्या घेणाऱ्या माणसाच्या पोटात काय होत असेल याविषयी बाजारात एकमत होते. लोक त्यांना थांबवून ओवा, हिंग सुचवत, आणि मसुऱ्याच्या एका वैद्यांची चिठ्ठी न मागता घरपोच आली.

दुसरी पद्धत गुळाची. बाटलीत गुळाचे पाणी, त्यात आंबवायला थोडी माडाची माडी, बुचातून नळी. आंबताना सुटणारा वायू नळीने पेटीत जातो. खर्च तारल्यांसारख्या स्वस्त मासळीच्या एका वाट्याएवढा. नळी काकींना इस्पितळात लावलेल्या सलाइनची होती. काकांनी ती मागून आणून धुऊन ठेवली होती. तिच्या मधल्या छोट्या कुपीतून बुडबुडे एकेक करून जाताना दिसत. ते पाहण्याचे काम काकींनी आपणहून घेतले. काका जेवत असले तरी आतून आवाज येई, "एक बुडबुडो चुकलो." वास मात्र गल्लीच्या टोकापर्यंत जाई. दारूबंदी खात्याचे एक शिपाई त्या वासामागे घरात आले. काका सरकारी माणसाशी नेहमी शुद्ध मराठीत बोलत. "साहेब," ते म्हणाले, "इथे दारू हा टाकाऊ भाग आहे." त्यांनी शिपायांना खुर्ची दिली आणि तिन्ही पद्धतींची तुलना ऐकवली. शिपाई चहा घेऊन गेले. गुन्हा नोंदवला गेला नाही.

तिसरी पद्धत सिलिंडरची. अनामत म्हणजे पापलेटांची अख्खी टोपली, पुढचे सगळे बांगड्यांच्या भावात. सोडावाल्याने आपल्याकडचा जादा सिलिंडर काकांना भाड्याने दिला, आणि त्या महिन्यात झाडांनी नवी पाने काढली. काकी ती पाने मोजत. काका काठी पलंगाच्या थोडी जवळ सरकवत. काकी ती पाहूनही न पाहिल्यासारखे करत.

मग मसुऱ्याच्या आंगणेवाडीची जत्रा आली. जत्रेत सोडा जेवढा न्याल तेवढा खपतो. सोडावाला सिलिंडर उचलून मसुऱ्याला गेला. काकांनी पुन्हा गुळाची बाटली लावली, आणि वायू कमी पडू नये म्हणून गूळ आणि माडी दोन्ही दुप्पट घातली. दुसऱ्या दिवशी मी बातमीसाठी जत्रेला निघालो, तेव्हा सिलिंडर परत आणायला तेही माझ्याबरोबर आले. काकींच्या उशाशी तांब्या भरून ठेवला. शेजारपाजार सगळा जत्रेला गेला होता. सोडा संपायला अपेक्षेपेक्षा वेळ लागला. आम्ही रिकाम्या बाटल्यांच्या खोक्यांत बसून, सिलिंडर दोघांच्या मांडीवर आडवा घेऊन, सोडावाल्याच्या टेम्पोने उन्हे उतरताना परतलो.

पलंग रिकामा होता. काकी पेटीपाशी खुर्चीवर बसल्या होत्या. काठी जमिनीवर पडली होती. सलाइनच्या नळीचे टोक त्यांनी पेटीतून काढून तांब्यात धरले होते आणि त्यातून तांबूस फेस ठिबकत होता. बाटली उकाड्याने उतू आली होती. फेस कुपीपर्यंत चढलेला काकींनी पलंगावरून पाहिला होता. पेटीतले पाणी स्वच्छ होते. काकांनी सिलिंडरचे आपल्याकडचे टोक सोडले, ते माझ्या पायावर पडले.

"तू हयसर कशी इलंस?" काकांनी विचारले.

"चलान इलंय. आणखी कशी येतलंय?" काकी म्हणाल्या. "आधी ही नळी धरा. माझो हात दुखता."

काकांनी नळी धरली. तांब्या भरून फेस जमिनीवर सांडू लागला तरी धरून राहिले. जत्रेची बातमी माझ्या दैनिकात दीड कॉलम आली. हे तिच्यात नव्हते.

त्या वर्षी दिवाळीनंतर दोघे एस.टी.ने आंबोलीला गेले. झाडे त्याच गोणपाटात बांधून नेली होती. मेव्हण्यांच्या घरामागे काकी काठी टेकत ओढ्यापर्यंत गेल्या आणि झाडे त्यांनी स्वतः पाण्यात दगडांखाली दाबली. सर्वांत स्वस्त पद्धत हीच निघाली, असे काकांनी परतल्यावर मला सांगितले: वायू फुकट, आणि दोघांचे जाऊन-येऊन तिकीट म्हणजे एक बेताची सुरमई. सिलिंडर त्यांनी परत केला.

पुढे माझी बदली झाली. दोन वर्षांनी त्या बाजूला गेलो तेव्हा दुपारी घरी डोकावलो. पेटी जागेवरच होती. तिच्यात आमसुले भरून ठेवली होती. काका तिच्यासमोरच्या खुर्चीवर एकटे बसून सोडा पीत होते. सोडावाला अजून सकाळी एक बाटली देऊन जातो, त्याला नको म्हणायचे राहून गेले, असे ते म्हणाले. पलंगावर घडी केलेली चादर होती. काकी आंबोलीला गेल्या होत्या. शनिवारच्या गाडीने येणार होत्या.