मुक्या डब्याची तक्रार

सेतुमाधवरावांचा विश्वास म्हणून कुणावर नव्हता. तमिळ मुलखातल्या आवडी गावच्या कारखान्यात तीस वर्षं तपासनीस. दुसऱ्याच्या कामातली खोट काढण्याचाच पगार खाल्लेला माणूस तो! निवृत्तीनंतर ती नजर आधी दूधवाल्यावर, मग जावयावर आणि शेवटी लोकलगाडीवर पडली.

दोन हजार सहा साली त्या मार्गावर नवे डबे आले. पुढचं स्टेशन कोणतं, ते डबाच सांगायचा. पेरंबूरला लेकीकडे, हरिणीकडे, जाताना सुरुवातीला सेतुमाधवरावांनी त्या आवाजाला चक्क शाबासकी दिली. मग म्हणे आवाज बसला. वर्षभरात नुसती खरखर उरली. त्यांना लगेच वास आला, की भोंगे बदलून हलके बसवलेत, मधल्या मधे कुणीतरी हात मारलाय.

डब्यातल्या लोकांना विचारावं तर ते म्हणत, नीट ऐकू येतंय की. म्हणजे हेही त्यातलेच! लेकीच्या घरीसुद्धा हरिणी आणि जावई हल्ली पुटपुटून बोलत; आपल्यापासून काहीतरी लपवताहेत याबद्दल सेतुमाधवरावांना शंका नव्हती. बायको विशालाक्षी तेवढी वाद घालायची नाही. उतरायचं स्टेशन आलं की हळूच कोपर लावायची.

शेवटी त्यांनी रेल्वेकडे अर्ज केला. कारखान्याच्या क्वार्टर्समधल्या चाळीस जणांच्या सह्या घेतल्या. त्यांच्याशी हुज्जत घालण्यापेक्षा सही परवडली, हे सगळ्यांना ठाऊक होतं. खाली त्यांनी ठसक्यात लिहिलं, की तक्रार खोटी निघाली तर यापुढे कुणाच्या कामाला मी नाव ठेवणार नाही. म्हातारपणी दुसरं होतं काय त्यांच्याजवळ? तेच पणाला लावलं.

आणि खरंच चौकशी आली. जननी नावाची तरुण अधिकारी वही घेऊन त्या नवरा-बायकोसोबत आवडीला गाडीत चढली. आज मुद्दाम दुरुस्त करून आणलं असणार, असं त्यांनी विशालाक्षीबाईंना आधीच बजावून ठेवलं होतं.

अंबत्तूर गेलं. कोरट्टूर जवळ आलं. डबा गप्पच. सेतुमाधवरावांची छाती फुगली. बघा, आजसुद्धा एक अक्षर नाही, असं ते जननीला तमिळमध्ये विजयानं म्हणाले.

जननीचं पेन थांबलं. समोरच्या बाकावरचे दोघे आपल्या चपलांकडे बघू लागले. तिनं विशालाक्षीबाईंना विचारलं, की आजी, तुम्हाला ऐकू आलं का?

बाईंनी मान खाली घातली आणि नाही म्हणून हलवली.

झालं, सेतुमाधवराव जिंकले होते. पण खोटा माल पुढे सरकवणारा कामगार कुठे बघतो, ते त्यांनी तीस वर्षं पाहिलं होतं. तो जमिनीकडे बघतो. कारखान्यात माल नापास करण्याआधी आपलं मोजायचं माप तपासून आणायचा नियम होता. तो त्यांनी कधी चुकवला नव्हता. या वेळी मात्र त्यांना ते सुचलंच नव्हतं.

त्यांनी जननीच्या वहीवर हात ठेवला. "ही खोटं बोलते," ते म्हणाले. "हिला ऐकू आलंय. मला आलं नाही. तसंच लिही."

मग ते बायकोकडे वळले. "तुला कधीपासून माहीत?"

तिनं दोन बोटं दाखवली. दोन वर्षं.

"मग सांगितलं का नाहीस?"

विशालाक्षीबाईंनी त्यांच्या कानाशी तोंड नेलं.

"सांगितलं असतं, तर तुमचा विश्वास बसला असता?"